मॉर्फिन: तिकडे महापूर, इकडे दुष्काळ

रबाळ्याहून पुन्हा एकदा तुमच्या भेटीला. ज्यांना ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत इअरफोन काढायलाही जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी हा या आठवड्याचा एपिसोड लेखी स्वरूपात. बोलताना मी जिथे भरकटलो होतो, तो भाग कापलाय.

विषय आला एका व्हॉइस नोटमधून. घणसोलीचा एक श्रोता. त्याच्या काकांना तोंडाचा कॅन्सर आहे. दुखणं इतकं की रात्री झोप नाही. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरात वादळ उठलं. आत्या म्हणाली, "हे गर्दुल्ल्यांचं औषध, नको." चुलतभावाने अमेरिकेतल्या ओपिऑइड संकटावरची सिरीज बघितली होती, तोही म्हणाला नको. शेवटी काकूंनी ऐकलं नाही, चिठ्ठी घेऊन निघाल्या, तर जवळच्या एकाही मेडिकलमध्ये गोळी नाही. श्रोत्याचा प्रश्न साधा होता: "दादा, औषध इतकं वाईट असेल तर डॉक्टर देतात कशाला? आणि चांगलं असेल तर मिळत का नाही?"

दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकली आहेत. सोडवू या.

आधी औषध समजून घेऊ

अफूच्या बोंडाला चिरा दिल्या की चीक येतो. त्या चिकातून मॉर्फिन निघतं. अफूपासून काढलेली, किंवा कारखान्यात बनवलेली पण शरीरात तशीच वागणारी औषधं म्हणजे ओपिऑइड्स. कोडीन, ट्रॅमाडॉल, फेन्टॅनिल, ऑक्सिकोडोन ही सगळी याच कुटुंबातली. मेंदू आणि मणक्यातल्या ठरावीक रिसेप्टर्सना ती चिकटतात आणि वेदनेचा सिग्नल दाबतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी मांडली. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, दुसरीवर कोडीनसारखी सौम्य ओपिऑइड्स, तिसरीवर मॉर्फिन. म्हणजे मॉर्फिन हे काही कुणाचं गुपित शस्त्र नाही. ते संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतलं, पेटंट नसलेलं, स्वस्त औषध आहे.

आता धोका. तो खरा आहे, लपवण्यात अर्थ नाही. डोस चुकला, किंवा दारू आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतलं, तर श्वास मंदावतो आणि जीव जाऊ शकतो. व्यसनही लागू शकतं. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. बरेच दिवस मॉर्फिन घेतलं की शरीराला त्याची सवय होते, अचानक बंद केलं तर त्रास होतो. याला शारीरिक अवलंबित्व म्हणतात, आणि डॉक्टर डोस हळूहळू कमी करून ते सांभाळतात. व्यसन वेगळं. त्यात माणूस नुकसान दिसत असूनही औषधामागे धावतो, वेदना असो वा नसो. कॅन्सरच्या रुग्णाने वेळ झाली की गोळी मागणं म्हणजे व्यसन नव्हे. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन मागतो तेव्हा आपण त्याला व्यसनी म्हणत नाही.

अमेरिकेत नेमकं काय झालं

चुलतभावाची भीती कुठून आली ते बघू. १९८० मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. हॉस्पिटलात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना ओपिऑइड दिलं, त्यांत व्यसनाच्या फक्त ४ केसेस सापडल्या, असं त्यात होतं. लक्षात घ्या, हे रुग्ण हॉस्पिटलात, नर्सच्या नजरेखाली होते. घरी महिनोन् महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल ते पत्र काहीच सांगत नव्हतं. पण पुढे शेकडो लेखांत त्याचा हवाला दिला गेला: बघा, व्यसन होतच नाही!

आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट सर्व्हरवर चाललेला कोड कुणी न तपासता थेट प्रॉडक्शनवर टाकला.

१९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगत ते जोरात विकलं. पाठदुखी, गुडघेदुखी, कशालाही. कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कोर्टात गुन्हा कबूल केला. तोवर लाखो लोक अडकले होते. गोळ्यांवर कडक बंधनं आली तशी माणसं हेरॉइनकडे आणि मग बेकायदा फेन्टॅनिलकडे वळली. २०२१ मध्ये तिथे ओव्हरडोसने एक लाखाहून जास्त माणसं गेली, त्यातली साधारण ८० हजार ओपिऑइडमुळे.

गोष्ट इथे संपत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने डॉक्टरांसाठी सूचना काढल्या. त्या सूचना होत्या, पण अनेक ठिकाणी त्या कायद्यासारख्या वापरल्या गेल्या. वर्षानुवर्षं नीट औषध घेणाऱ्या रुग्णांचे डोस अचानक तोडले गेले. शेवटी २०२२ मध्ये सीडीसीने सूचना बदलल्या आणि सांगितलं की आकड्याकडे नको, रुग्णाकडे बघून ठरवा. म्हणजे आधी बेफिकिरीने माणसं मारली, मग घाबरून केलेल्या उपायाने दुसऱ्या माणसांना वेदनेत सोडलं.

आपल्याकडे उलटं झालं, आणि आधीच झालं

आपण हा दुसरा भाग खूप आधी केला. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला, अमली पदार्थांच्या तस्करीला आळा घालायला. हेतू बरोबर होता. पण शिक्षा किमान दहा वर्षं सक्तमजुरीपासून सुरू, आणि कागदात चूक झाली तर काय होईल याची डॉक्टरांना, केमिस्टना धास्ती. त्यात नियम राज्यागणिक वेगळे. अनेक राज्यांत हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायला चार-पाच परवाने लागत, वेगवेगळ्या खात्यांकडून, आणि सगळे एकाच वेळी चालू असायला हवेत.

कल्पना करा, एक फाइल उघडायला पाच ॲडमिनचं अप्रूव्हल हवं. प्रत्येकाच्या अप्रूव्हलची एक्स्पायरी वेगळी. पाचवं मिळेपर्यंत पहिलं संपलेलं. अशा सिस्टिममध्ये लोक काय करतात? ती फाइल उघडायचं सोडून देतात. हॉस्पिटलांनी तेच केलं. देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर १९८५ मध्ये शेकडो किलो होता, तो १९९७ मध्ये १८ किलोवर आला. संपूर्ण भारतासाठी १८ किलो! त्याहून वाईट म्हणजे या काळात डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन न लिहिता शिकली.

यातली थट्टा अशी की कायदेशीर अफू पिकवणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते. गाझीपूर आणि नीमच इथे केंद्र सरकारचे कारखाने आहेत. आपल्या अफूतून जगाला वेदनाशामक मिळतं, आणि नीमचपासून एका रात्रीच्या अंतरावर असलेल्या मुंबई-ठाण्यात काकू चिठ्ठी घेऊन फिरतात.

२०१७ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने हिशेब मांडला. पॅलिएटिव्ह केअरची गरज असलेल्या एका रुग्णामागे वर्षाला किती ओपिऑइड उपलब्ध होतं, मॉर्फिनच्या मापात? अमेरिकेत ५५ हजार मिलिग्रॅमहून जास्त. भारतात ४३ मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या जेमतेम ४ टक्के. आता गुणाकार करा. समजा रुग्णाला दर चार तासांनी १० मिलिग्रॅमची एक गोळी लागते, म्हणजे दिवसाला ६०. आपल्या वाट्याचं वर्षभराचं औषध एक दिवसही पुरत नाही.

२०१४ मध्ये कायदा बदलला, पण...

केरळने आधीच वेगळा रस्ता धरला होता. १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं, त्यातून गावोगावी केंद्रं उभी राहिली. तिथे मॉर्फिन मिळायला लागलं तरी राज्यभर व्यसनाची लाट काही आली नाही. आपल्याकडेही काम होतं. बांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून आहे.

अशाच लोकांच्या पाठपुराव्याने २०१४ मध्ये एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली. देशभर एकच नियम. पाच परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकांकडून एक मान्यता, ती आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन देतं. हॉस्पिटलमध्ये वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि गोळीगोळीचा हिशेब हवा, बस.

पण कायदा अपडेट झाला म्हणून डोकी आपोआप अपडेट होत नाहीत. ही मान्यता मागायला हॉस्पिटलने पुढे यावं लागतं. औषध स्वस्त, नफा नाही, रजिस्टर सांभाळायचं काम मात्र वाढतं. त्यामुळे अनेक जण त्या वाटेला जातच नाहीत. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचंही तेच. तो तुम्हाला फसवत नाहीये, त्याच्याकडे खरंच नसतं.

मग नशेच्या गोळ्या कुठून येतात?

ही गोष्ट आपल्या दाराशी येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईतली एक औषध कंपनी टॅपेन्टाडॉल हे ओपिऑइड आणि कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारं औषध एकाच गोळीत मिसळून पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती. हे मिश्रण जगात कुठेच मंजूर नाही. घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर तरुण पोरं ते नशेसाठी घेत होती. बातमी आल्यावर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी त्याच्या निर्यातीच्या परवानग्या रद्द केल्या.

आता लॅन्सेटचा तोच तक्ता पुन्हा बघा. नायजेरियात गरजू रुग्णामागे वर्षाला मिळणारं औषध होतं ०.८ मिलिग्रॅम. एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. ज्या देशात कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळत नाही, तिथल्या नाक्यावर कंटेनर भरून ओपिऑइड मिळतं. माझं म्हणणं एवढंच आहे: औषध दुर्मीळ केलं म्हणून नशा थांबत नाही. नशेच्या बाजाराला चिठ्ठी लागत नाही, परवाना लागत नाही. कडक कुलपाने अडतो तो रांगेत उभा राहणारा माणूस. लगाम हवाच, पण तो कंपनीच्या मार्केटिंगवर आणि निर्यातीवर आधी हवा, रुग्णाच्या उशाशी नको.

घरात कुणाला मॉर्फिन लिहून दिलं तर

मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण एवढं प्रत्येकाला माहीत असावं.

मेडिकल पालथी घालत बसू नका. जिथे उपचार चालू आहेत तिथेच विचारा: "इथे पॅलिएटिव्ह ओपीडी आहे का? नसेल तर कुठे पाठवता?" परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हा स्वतंत्र विभाग आहे. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये उपचार चालू असतील तर तिथल्याच डॉक्टरांना विचारा. जाताना सगळे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी न्या.

दुखणं शून्य ते दहा या मापात रोज लिहून ठेवा, फोनच्या नोट्समध्ये चालेल. गोळी घड्याळाप्रमाणे द्या, रुग्ण कळवळेपर्यंत थांबू नका. बद्धकोष्ठता जवळजवळ प्रत्येकाला होते, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबतच मागून घ्या. पहिले काही दिवस गुंगी येते, ती बहुतेकदा कमी होते. पण रुग्ण उठवूनही उठत नसेल आणि श्वास फार मंद असेल तर लगेच १०८ ला फोन करा. किडनीचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. गोळ्या कुलपात ठेवा, मोजून ठेवा, दुसऱ्या कुणाच्या गुडघेदुखीला देऊ नका. मनाने बंद करू नका. उरल्या तर जिथून घेतल्या तिथे परत द्या.

आणि आत्याला सांगा, मॉर्फिन म्हणजे 'आता संपलं' असं नाही. दुखणं आटोक्यात असलेला माणूस जेवतो, झोपतो, बोलतो, पुढचे उपचारही झेपवतो.

कुणाला या सगळ्याचा अनुभव असेल, चांगला किंवा वाईट, तर व्हॉइस नोट पाठवा. नाव घेणार नाही. आणि आज हा एपिसोड फक्त मित्रांच्या ग्रुपवर नको, घरच्या ग्रुपवर टाका. चिठ्ठी घेऊन फिरायची वेळ आधी त्यांच्यावर येते. भेटू पुढच्या आठवड्यात!