विकत घेतलेले यंत्र, उसनी किल्ली

जुन्या लॅपटॉपवर लिनक्ससारखी मुक्त संगणक प्रणाली बसवावी, पडदा उजळावा, अक्षरे उमटावीत. वायफाय मात्र जुळू नये, हा अनुभव अनेकांच्या वाट्याला आला आहे. दोष प्रणालीचा, असे आपण चटकन म्हणतो. वस्तुतः आतल्या वायफाय चिपकडून काम करवून घेणारा ‘ड्रायव्हर’ हा प्रोग्रॅम तेथे नसतो. तो मिळवायचा तर इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा! पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तशी ही गत.

ड्रायव्हर लिहिण्यास चिपची अंतर्गत माहिती लागते आणि ती उत्पादकाच्या हाती असते. ब्रॉडकॉम कंपनीने ती मुक्त प्रणालींच्या कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे दिली नाही. अखेर स्वयंसेवकांच्या एका गटाने कंपनीच्या ड्रायव्हरची उकल करून चिपच्या वर्तनाची टिपणे काढली. नकलेचा ठपका येऊ नये म्हणून दुसऱ्या गटाने केवळ त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर रचला. २००६ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. २०१० मध्ये कंपनीने स्वतःच आपल्या काही नव्या चिपांचा खुला ड्रायव्हर प्रसिद्ध केला. जे अखेरीस देता आले, त्यासाठी इतरांनी एवढे श्रम का वेचावेत?

बिनतारी लहरींवर प्रत्येक देशाचे निर्बंध असतात, म्हणून गुप्तता हवी, असा युक्तिवाद केला जातो. तो अगदीच निराधार नाही. परंतु देशोदेशींचे हे नियम पाळण्याची व्यवस्था लिनक्समध्येही आहे.

प्रश्न अद्याप सुटलेला नाही. ड्रायव्हर खुला झाला, तरी चिपमध्ये भरावयाचा ‘फर्मवेअर’ बहुधा बंदिस्तच राहतो. स्वयंसेवकांनी चालविलेल्या डेबियन प्रणालीने असा फर्मवेअर आपल्या अधिकृत प्रतीबाहेर ठेवला होता. २०२२ मध्ये सदस्यांनी मतदानाने तो निर्बंध शिथिल केला आणि २०२३ च्या आवृत्तीपासून तो प्रतीतच मिळू लागला. तत्त्वाला ही मुरड खरीच. पण संगणक सुरूच होत नसेल, तर स्वातंत्र्याचा उपयोग कोणाला?

तडजोड क्षम्य असली, तरी तिची सवय जडू नये. शाळेसाठी वा घरासाठी संगणक घेताना किमतीबरोबरच आतली वायफाय चिप कोणती आणि तिचा मुक्त ड्रायव्हर आहे काय, हे विक्रेत्यास अवश्य विचारावे. ग्राहक विचारू लागला, तरच उत्पादकाला उत्तर द्यावे लागेल. पूर्ण दाम मोजून घेतलेल्या वस्तूची किल्ली मागणे ही काही याचना नव्हे!