घरातली टॉकीज

एक चित्रपट जाहिरातींसह सरासरी तीन तास चालतो असं धरलं, तर चोवीस तासांत आठ चित्रपट लागतात. वर्षाला झाले २,९२०. मराठीत बोलपट सुरू झाला तो १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून. तरी इतकी भूक भागवण्याएवढा माल आपल्या कोठारात कधीच नव्हता. २५ ऑगस्ट २००७ रोजी ‘झी टॉकीज’ ही फक्त मराठी चित्रपट दाखवणारी चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली, ती हे गणित डोक्यावर घेऊनच.

नाव मात्र नेमकं सापडलं. आपल्या तालुक्याच्या गावी थिएटरला कुणी थिएटर म्हणत नाही, टॉकीजच म्हणतात. जत्रेत तंबू ठोकून फिरत्या टॉकीज यायच्या. त्यानंतर आला दूरदर्शनचा शनिवार: आठवड्याला एक मराठी चित्रपट, तोही ऐन रंगात आल्यावर बातम्यांसाठी थांबणारा. ज्यांनी तो शनिवार चाळीत शेजाऱ्यांच्या दारात बसून काढला, त्यांना रोज आठ चित्रपट म्हणजे चैनच वाटली.

माल कमी पडतो म्हटल्यावर वाहिनीने तो स्वतःच घडवायला घेतला. सुरू झाली त्याच वर्षी ‘साडे माडे तीन’ आला, म्हणजे ‘चलती का नाम गाडी’चा मराठी अवतार. २००८ मध्ये ‘दे धक्का’ आणि २०१० च्या पहिल्याच दिवशी ‘नटरंग’. आनंद यादवांच्या कादंबरीतला पैलवानी अंगाचा गुणा तमाशातला नाच्या होतो, ही काही दुपारच्या जेवणानंतर लोळत बघायची गोष्ट नव्हे. रवी जाधवांचा तो पहिला चित्रपट. टीव्हीवाल्यांचा पैसा त्यामागे उभा राहिला, हे या वाहिनीच्या खात्यावरचं सगळ्यात मोठं पुण्य, असं मी मानतो.

आणि ‘दे धक्का’! मुळात ‘लिटल मिस सनशाईन’ या हॉलिवूडपटावर बेतलेला, पण आता त्या मुळाची कुणाला आठवणही नाही. आमच्याकडे रविवारी आई मटार सोलत बसते आणि समोर ती ढकलल्याशिवाय चालू न होणारी गाडी असते. आईची नजर ताटातून हलत नाही. वाक्य मात्र मकरंद अनासपुरेंच्या आधी तिच्या तोंडून येतं. वाहिनीवर तेच तेच लागतं अशी तक्रार करणारेही रिमोट खाली ठेवून बघत बसतात. माल थोडा म्हणून पारायण, आणि पारायणामुळे ओढ. टंचाईचा असा फायदा क्वचितच कुणाला झाला असेल.

व्यवहाराची बाजू थोडक्यात सांगतो. ही पैसे भरून बघायची वाहिनी, म्हणजे किती घरांत ती दिसते त्यावर तिची कमाई. पूर्वी केबलवाला किती घरांत तार गेली ते स्वतःच सांगायचा आणि वर कमीच सांगायचा. २०१२ पासून शहरांत सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले, घरं मोजता येऊ लागली. २०१९ मध्ये अशा प्रत्येक सशुल्क वाहिनीला छापील किंमत आली. दुसरीकडे ‘फक्त मराठी’ आणि २०२० मधली ‘शेमारू मराठीबाणा’ फुकटात चित्रपट दाखवू लागल्या. २०२१ मध्ये झीनेच ‘झी चित्रमंदिर’ काढली, २०२२ मध्ये ‘प्रवाह पिक्चर’ आली. एकेकाळी एकटं असलेलं दुकान आता भर बाजारात आहे.

घरबसल्या चित्रपट बघण्याच्या या सुखाची किंमत मात्र निर्मात्याला मोजावी लागते. टीव्हीच्या हक्कांचे पैसे येतात म्हणून चित्रपट निघतो, आणि टीव्हीवर येणार म्हणून प्रेक्षक थिएटरात जात नाही. “येईलच की दोन-तीन महिन्यांत” हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर म्हटलंही आहे.

वाहिन्यांकडे एकच मागणं आहे. चित्रपट संपला की शेवटची नावं कापून थेट जाहिरात सुरू करू नका. प्रकाशयोजना, वेशभूषा, ध्वनी सांभाळणाऱ्यांची नावं पडद्यावर दीड-दोन मिनिटंच असतात. तेवढी पुरी जाऊ द्या.