कायरोप्रॅक्टर नोंदणी (युनायटेड किंग्डम)

युनायटेड किंग्डममध्ये कायरोप्रॅक्टर म्हणून व्यवसाय करू इच्छिणाऱ्या व्यक्तीला 'जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल' या वैधानिक परिषदेच्या नोंदवहीत आपले नाव दाखल करून घ्यावे लागते. या प्रक्रियेस कायरोप्रॅक्टर नोंदणी असे म्हणतात. ब्रिटिश संसदेने संमत केलेला 'कायरोप्रॅक्टर्स अधिनियम, १९९४' हा तिचा आधार होय. नोंदणी नसताना स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवून घेणे हा तेथे फौजदारी गुन्हा आहे. परिषदेचे कार्यालय लंडन येथे असून नोंदवहीत तीन हजारांहून अधिक व्यावसायिकांची नावे आहेत.

व्यवसायाचे स्वरूप

कायरोप्रॅक्टिक ही मुख्यतः पाठीचा कणा, सांधे आणि स्नायू यांच्या दुखण्यांवर हातांनी उपचार करण्याची पद्धती आहे. हिचा उगम अमेरिकेतील आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट या गावी झाला. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये तेथे हा उपचार सुरू केला आणि दोन वर्षांनी त्याचे शिक्षण देणारी शाळा काढली. 'हात' आणि 'कृती' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून हे नाव घडवले गेले. मणके जागच्या जागी सूक्ष्मपणे सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात अडथळा येतो आणि त्यातून बहुतेक रोग उद्भवतात, असे पामर यांचे प्रतिपादन होते. आधुनिक वैद्यकशास्त्राने ते स्वीकारलेले नाही. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याच्या आरोपावरून खुद्द पामर यांना तुरुंगवास भोगावा लागला होता. परवान्याचा प्रश्न या व्यवसायाच्या पाठीशी असा जन्मापासूनच लागलेला आहे.

उसण भरणे, कंबर धरणे, मान आखडणे अशा तक्रारी घेऊन येणारे रुग्ण आज या व्यावसायिकांकडे मोठ्या संख्येने जातात. कंबरदुखीसंबंधी ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हाताने करावयाच्या उपचारांचा विचार करण्यास हरकत घेतलेली नाही. मात्र ते व्यायामासह एकत्रित उपचाराचा भाग म्हणूनच व्हावेत, अशी अट घातली आहे.

कायद्याची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये परंपरेने कोणासही रोग्यावर उपचार करण्याची मोकळीक होती. १८५८ च्या वैद्यकीय अधिनियमाने डॉक्टरांची नोंदवही सुरू केली, पण इतरांना उपचार करण्यास सरसकट मनाई केली नाही. नोंदलेला कोण आणि न नोंदलेला कोण हे लोकांना ओळखता यावे, एवढाच त्या कायद्याचा रोख होता. पुढे कायरोप्रॅक्टरांच्या कायद्यातही हेच तत्त्व उतरले.

ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशन ही व्यावसायिकांची संघटना १९२५ मध्ये स्थापन झाली. परंतु तिचे सभासदत्व ऐच्छिक होते. चार-पाच वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केलेला मनुष्य आणि काही आठवड्यांचे शिक्षण घेऊन पाटी लावणारा मनुष्य यांच्यांत कायद्याच्या दृष्टीने काहीच फरक नव्हता. रुग्णाला इजा झाली तर न्यायालयात जाण्यावाचून मार्ग नव्हता आणि दोषी व्यावसायिकाची पाटी उतरवू शकेल अशी यंत्रणाही नव्हती. 'किंग्ज फंड' या संस्थेने न्यायमूर्ती सर टॉमस बिंगहॅम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कार्यगटाने १९९३ मध्ये अहवाल देऊन वैधानिक नियमनाची शिफारस केली. त्याच वर्षी ऑस्टिओपॅथी या जवळच्या उपचारपद्धतीसाठी स्वतंत्र कायदा झाला. कायरोप्रॅक्टरांचे विधेयक डेव्हिड लिडिंग्टन यांनी अशासकीय विधेयक म्हणून मांडले आणि ५ जुलै १९९४ रोजी त्यास राजसंमती मिळाली.

नोंदवही प्रत्यक्षात उघडली गेली ती जून १९९९ मध्ये. तोवर कित्येक जण वर्षानुवर्षे व्यवसाय करीत होते आणि सर्वांकडे मान्यताप्राप्त पदवी असणे शक्य नव्हते. त्यांच्यासाठी दोन वर्षांची मुदत ठेवण्यात आली. आधीची किमान पाच वर्षे आपल्या कामाचा बराचसा वेळ कायदेशीर, सुरक्षित आणि सक्षम रीतीने या व्यवसायात घालवल्याचे जो निबंधकाला पटवून देईल, त्याच्याकडे अर्हता असल्याचे मानले जाई. काहींना अतिरिक्त प्रशिक्षणाच्या अटीवर नोंदणी मिळाली. जून २००१ मध्ये हे दार बंद झाले. तेव्हापासून 'कायरोप्रॅक्टर' हे उपपद केवळ नोंदणीकृतांपुरते राखीव आहे.

नोंदणीच्या अटी

अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात अर्जदाराने पुऱ्या करावयाच्या अटी थोडक्यात दिल्या आहेत. विहित नमुन्यात अर्ज आणि शुल्क, उत्तम चारित्र्य, शारीरिक व मानसिक आरोग्य आणि मान्यताप्राप्त अर्हता अशा त्या अटी असून यांखेरीज व्यावसायिक दायित्वाचा विमा उतरवणे बंधनकारक आहे. या अटी पुऱ्या करणारी व्यक्ती नोंदणीस 'पात्र' नव्हे, तर 'हक्कदार' आहे, अशी कायद्याची शब्दयोजना आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अटी पूर्ण झाल्यावर निबंधकाला आपल्या मर्जीने नकार देता येत नाही. मात्र अटी पूर्ण झाल्या आहेत हे त्याला पटवून देण्याची जबाबदारी अर्जदाराचीच असते.

या सर्वांत अर्हतेची अट सर्वांत निर्णायक आहे आणि तिचा विचार अर्ज भरताना नव्हे, तर शिक्षणसंस्था निवडतानाच करावा लागतो. कोणती पदवी मान्य हे परिषद प्रिव्ही कौन्सिलच्या संमतीने ठरवते. बोर्नमथ येथे १९६५ मध्ये स्थापन झालेले अँग्लो-युरोपियन कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टिक (जे आता हेल्थ सायन्सेस युनिव्हर्सिटी या नावाने ओळखले जाते), साउथ वेल्स विद्यापीठातील वेल्श इन्स्टिट्यूट ऑफ कायरोप्रॅक्टिक आणि मॅकटिमनी कॉलेज ऑफ कायरोप्रॅक्टिक ही यांपैकी जुनी व परिचित नावे होत. पूर्णवेळ अभ्यासक्रम साधारणतः चार ते पाच वर्षांचा असतो. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, रोगनिदान, क्ष-किरण प्रतिमांचे वाचन हे विषय असतात आणि अखेरच्या टप्प्यात देखरेखीखाली रुग्ण तपासावे लागतात. सांध्याला झटका देण्याचे कौशल्य जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोणत्या रुग्णास देऊ नये हे ओळखणेही महत्त्वाचे असते. हाडे ठिसूळ झालेली असणे, अस्थिभंग, कर्करोगाचा हाडांत शिरकाव किंवा मज्जारज्जूवर दाब अशा अवस्थांत हा उपचार घातक ठरू शकतो आणि पाठदुखी हेच त्यांचे पहिले लक्षण असू शकते. मान्यता नसलेल्या संस्थेत कितीही वर्षे शिकले तरी त्या प्रमाणपत्रावर ब्रिटनमध्ये थेट नोंदणी मिळत नाही.

चारित्र्याविषयी अर्जदाराला प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला जोडावा लागतो आणि स्वतःचे निवेदन द्यावे लागते. पूर्वीची दोषसिद्धी, पोलिसांनी दिलेली औपचारिक ताकीद, अन्य कोणत्याही नियामक संस्थेने केलेली कारवाई यांचा त्यात उल्लेख अपेक्षित असतो. जुन्या गुन्ह्याची नोंद असली म्हणजे अर्ज फेटाळला जातोच असे नाही. गुन्ह्याचे स्वरूप, त्याला लोटलेला काळ आणि रुग्णांच्या सुरक्षिततेशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार होतो. माहिती दडवणे मात्र महागात पडते. खोट्या माहितीच्या आधारे मिळवलेली नोंद चौकशीअंती रद्द करण्याची तरतूद कायद्यातच आहे.

आरोग्याच्या अटीचा अर्थही पुष्कळदा चुकीचा लावला जातो. अर्जदार ठणठणीत असावा असा तिचा आशय नाही. एखादा जुनाट आजार किंवा अपंगत्व असले तरी रुग्णाला धोका न होता काम करता येणे, हा निकष आहे.

परदेशी अर्हता असलेले अर्जदार

ज्यांनी ब्रिटनबाहेर कायरोप्रॅक्टिकचे शिक्षण घेतले आहे त्यांना 'टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स' नावाची सक्षमता चाचणी द्यावी लागते. ही केवळ पाठांतराची परीक्षा नाही. अर्जदार रुग्णाची तपासणी कशी करतो, निदानापर्यंत कसा पोहोचतो, कोणता रुग्ण डॉक्टरकडे पाठवतो आणि ब्रिटनमधील आरोग्यव्यवस्था व आचारसंहिता त्याला कितपत माहीत आहे, हे लेखी पुराव्यांवरून आणि परीक्षकांसमोरील मुलाखतीतून पाहिले जाते. इंग्रजीवर पुरेसे प्रभुत्व असल्याचेही सिद्ध करावे लागते, कारण रुग्णाला उपचाराची जोखीम समजावून सांगून त्याची संमती घेणे हे कायरोप्रॅक्टरचे कर्तव्य आहे. या चाचणीत उत्तीर्ण झाल्यानंतरही चारित्र्य, आरोग्य आणि विमा यांच्या अटी सुटत नाहीत.

नकार आणि अपील

निबंधकाने नोंदणी नाकारल्यास अर्जदाराला २८ दिवसांच्या आत परिषदेकडे अपील करता येते. परिषदेचा निर्णयही प्रतिकूल गेल्यास कायद्याच्या मुद्द्यावर न्यायालयात जाण्याचा मार्ग खुला असतो.

नोंदणीनंतरची बंधने

नोंदणी ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची सनद नव्हे. ती दरवर्षी शुल्क भरून चालू ठेवावी लागते आणि त्यासाठी वर्षाकाठी ३० तासांचे व्यावसायिक शिक्षण पूर्ण केल्याची नोंद सादर करावी लागते. जे काही काळ प्रत्यक्ष व्यवसाय करीत नाहीत, त्यांना सवलतीच्या शुल्कात 'अव्यवसायी' म्हणून नाव ठेवता येते. नोंदवही सर्वांसाठी खुली असल्याने एखाद्याचे नाव तीत आहे की नाही, हे कोणताही रुग्ण संकेतस्थळावर पाहू शकतो.

परिषदेच्या शिक्षण, अन्वेषण, व्यावसायिक वर्तन आणि आरोग्य अशा चार वैधानिक समित्या आहेत. तक्रार प्रथम अन्वेषण समितीकडे जाते. गैरवर्तन किंवा अक्षमता सिद्ध झाल्यास ताकीद देणे, अटी घालणे, नोंदणी निलंबित करणे किंवा नाव काढून टाकणे यांपैकी एक उपाय योजला जातो. नाव काढल्यानंतर किमान दहा महिने पुनर्नोंदणीसाठी अर्जही करता येत नाही. खुद्द परिषदेच्या कारभारावर 'प्रोफेशनल स्टँडर्ड्स ऑथॉरिटी' ही संस्था लक्ष ठेवते. परिषदेत व्यावसायिक सभासदांबरोबर व्यवसायाबाहेरील सामान्य नागरिकही असतात.

'डॉक्टर' हे संबोधन हा नेहमीच्या वादाचा विषय आहे. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टर आपल्या नावामागे ते सौजन्यदर्शक म्हणून लावू शकतात. परंतु आपण नोंदणीकृत वैद्यकीय डॉक्टर नाही हे त्यांनी स्पष्ट केले पाहिजे. दारावरची पाटी वाचून रुग्णाची दिशाभूल होणार नाही, हे पाहण्याची जबाबदारी पाटी लावणाऱ्यावर आहे.

नोंदणीचा अर्थ आणि मर्यादा

अधिनियमाच्या ३२ व्या कलमाने उपपदाला संरक्षण दिले आहे, कृतीला नव्हे. कायरोप्रॅक्टर, कायरोप्रॅक्टिक फिजिशियन अथवा तत्सम कोणतेही नाव नोंदणीविना, उघडपणे वा सूचकपणे, लावणाऱ्यास दंड होऊ शकतो. पण मणक्यावर हाताने उपचार करणे ही क्रिया या कलमाने कोणासाठीही राखून ठेवलेली नाही. ऑस्टिओपॅथ व फिजिओथेरपिस्टही ती करतात. आणि ज्याची कोठेच नोंद नाही असा मनुष्यही भलत्याच नावाने दुकान थाटू शकतो. ही त्रुटी आहे की शहाणपण, याविषयी ब्रिटनमध्ये मतभेद आहेत.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर म्हणावी लागेल. नोंदणी ही व्यक्तीच्या शिक्षणाची व वर्तनाची हमी देते. उपचाराच्या गुणकारीपणाची नाही. २००८ मध्ये भारतीय वंशाचे विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'द गार्डियन' या वृत्तपत्रातील लेखात, लहान मुलांच्या पोटशूळ, दमा यांसारख्या विकारांवर कायरोप्रॅक्टिक उपयुक्त असल्याच्या दाव्यांना पुरावा नाही, अशी टीका केली. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांचे म्हणणे मतप्रदर्शन म्हणून ग्राह्य धरता येते असा निर्णय दिला आणि संघटनेने दावा मागे घेतला. पुढे २०१३ मध्ये इंग्लंडचा बदनामीविषयक कायदा सुधारला गेला, त्यामागील चळवळीस या खटल्याने बळ दिले.

नोंदणीच्या दृष्टीने खटल्याचा खरा परिणाम वेगळाच झाला. नोंदणीकृत व्यावसायिक नियामकाला उत्तरदायी असतो हे ध्यानी घेऊन टीकाकारांनी कायरोप्रॅक्टरांच्या जाहिरातींतील दाव्यांविरुद्ध परिषदेकडे शेकडो तक्रारी दाखल केल्या. प्रतिष्ठेसाठी मागून घेतलेल्या कायद्याची दुसरी धार व्यवसायाला तेव्हा जाणवली. परिषदेने २०१० मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध करून, मणका सरकण्याची मूळ संकल्पना ही ऐतिहासिक असून ती रोगांचे कारण असल्याचा दावा करण्याजोगा संशोधनात्मक पुरावा नाही, असे स्पष्ट केले.

भारतातील स्थिती

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद किंवा नोंदवही नाही. ब्रिटनमधील नोंदणी भारतात आपोआप लागू होत नाही. महाराष्ट्रात निखळलेला सांधा बसवणारे, मोडलेल्या हाडाला पट्टी बांधणारे हाडवैद्य पिढ्यान्‌पिढ्या काम करीत आले आहेत. त्यांचे कौशल्य घराण्यातून आलेले असते आणि त्याची पारख गावकरी अनुभवाने करतात. मोठ्या शहरांत 'कायरोप्रॅक्टर' अशी पाटी दिसल्यास त्या व्यक्तीने कोणत्या संस्थेत, किती वर्षांचे शिक्षण घेतले आणि अन्य देशात तिची नोंदणी आहे काय, हे रुग्णाला स्वतःच विचारावे लागते. ज्या देशांत नोंदवही आहे तेथील नोंद संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. या शिक्षणासाठी परदेशी जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याने प्रवेशापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: निवडलेली पदवी जेथे व्यवसाय करावयाचा त्या देशाच्या नियामकाला मान्य आहे काय, आणि मायदेशी परतल्यास त्या पदवीचा कायदेशीर दर्जा काय राहील.