धातूंचे पुनश्चक्रीकरण

धातूंचे पुनश्चक्रीकरण : निकामी झालेल्या वस्तूंतील अथवा कारखान्यांत कातकामानंतर उरलेल्या किसातील धातू वितळवून पुन्हा वापरात आणण्याची प्रक्रिया. अशा धातूस ‘मोड’ किंवा ‘भंगार’ म्हणतात. फुटकी तांब्यापितळेची भांडी मोडीत घालून, त्यांच्या वजनाचे मोल वजा करून नवी घेण्याची महाराष्ट्रातील रूढी हे तिचेच जुने रूप होय.

सर्वांत मोठी बचत ॲल्युमिनियमाच्या बाबतीत होते. १ टन ॲल्युमिनियमासाठी साधारणतः ४ टन बॉक्साइट खणावे लागते. बायर प्रक्रियेने त्यापासून सु. २ टन ॲल्युमिना मिळते व १८८६ मध्ये शोधलेल्या हॉल-एरू पद्धतीने, वितळलेल्या क्रायोलाइटात विरघळवून, त्याचे विद्युत् विच्छेदन करतात. ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांचा बंध फार बळकट असल्याने टनामागे १३,००० ते १५,००० किलोवॉट-तास वीज लागते. मोडीतील धातू ऑक्सिजनापासून अगोदरच मुक्त झालेला असतो. तो ६६०° से.च्या वर तापवून वितळविला की पुरे. त्यामुळे मूळच्या सु. ५% ऊर्जेत काम भागते आणि खाणकामाने जमीन उजाड होणे, क्षारयुक्त तांबडा चिखल साठविणे हे प्रश्नही टळतात.

पोलादाच्या मोडीमुळे लोहधातुक व कोक यांची बचत होते. जालना येथील कारखान्यांत मोड व स्पंज लोखंड प्रवर्तन भट्टीत वितळवितात. मात्र मोड मिसळलेली असल्यास लाभ घटतो. मोटारींच्या भंगारातील तारांचे तांबे एकदा पोलादात उतरले की, व्यवहारतः ते काढता येत नाही व तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागास भेगा पडतात. म्हणून वर्गवारीचे काम दिसते तितके हलके नाही.

शिसे हा यांतील सर्वांत जोखमीचा धातू. त्याचा मोठा भाग मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांपासून मिळतो. उघड्यावरील भट्टीत बॅटऱ्या फोडून शिसे वितळविल्यास अम्ल जमिनीत मुरते व शिशाची धूळ आसपासच्या घरांत पोहोचते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर तिचा कायमचा दुष्परिणाम होतो. जुन्या बॅटऱ्या परत घेऊन नोंदणीकृत कारखान्यांकडेच पाठविण्याचे बंधन भारतात २००१ च्या नियमांनी घालण्यात आले. २०२२ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले. तथापि धूर गाळण्याचा व अम्ल निष्प्रभ करण्याचा खर्च न करणारा नोंदणीबाह्य भट्टीवाला जुन्या बॅटरीस अधिक भाव देऊ शकतो.