घरची भाषा आणि बाहेरची भाषा

न्यूयॉर्क शहरातला क्वीन्स हा भाग बहुभाषिकतेसाठी प्रसिद्ध आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या 24 लाखांवर गेली. त्यांतले निम्म्याहून अधिक लोक घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलतात. कुणी स्पॅनिश, कुणी चिनी, कुणी बंगाली. हे ऐकलं की आपल्याला वाटतं, म्हणजे या लोकांना इंग्रजी येत नसणार! पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

अमेरिकेचं जनगणना खातं निवडक घरांची दरवर्षी पाहणी करतं. पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाबद्दल विचारलं जातं : घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कितपत बोलता येतं? फार चांगलं, चांगलं, फारसं नाही, की मुळीच नाही? न्यू जर्सीतलं एखादं मराठी कुटुंब दुसऱ्या प्रश्नाला 'मराठी' आणि तिसऱ्याला 'फार चांगलं' असं सहज उत्तर देईल. 2019 मध्ये अमेरिकेत घरी दुसरी भाषा बोलणारे 6 कोटी 78 लाख लोक होते. त्यांपैकी निम्म्याहून बऱ्याच अधिक लोकांनी आपलं इंग्रजी 'फार चांगलं' असल्याचं सांगितलं.

गंमत पुढेच आहे. नुसतं 'चांगलं' म्हणणाराही तिथे 'इंग्रजी कमी येणाऱ्यां'मध्ये मोजला जातो. मला हे योग्य वाटतं. दुकानात भाव विचारण्यापुरतं इंग्रजी वेगळं आणि डॉक्टरला पोटातलं दुखणं समजावून सांगण्याचं इंग्रजी वेगळं.

या आकड्यांवर माणसांचे हक्क अवलंबून असतात. 1975 च्या आणि त्यानंतरच्या कायदादुरुस्त्यांनुसार, ठरावीक भाषिक समूहांतल्या इंग्रजी कमी येणाऱ्या मतदारांची संख्या एखाद्या भागात 10 हजारांवर किंवा 5 टक्क्यांवर गेली, आणि शिक्षणाविषयीची अटही पूर्ण झाली, तर मतपत्रिका त्यांच्या भाषेतही द्यावी लागते. म्हणूनच 2013 मध्ये क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आली. मार्च 2025 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने इंग्रजी ही अमेरिकेची अधिकृत भाषा ठरली, तरी संसदेने केलेला हा कायदा त्यामुळे रद्द झालेला नाही.

आपल्याकडे 2011 च्या जनगणनेत मातृभाषा विचारली होती, शिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषाही. पण त्या किती येतात, हे विचारलं नव्हतं. मेळघाटातलं घरी कोरकू बोलणारं मूल पहिलीच्या वर्गात बसतं, तेव्हा बाईंचं मराठी त्याला कितपत कळतं? 'कोरकू' एवढी नोंद करून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. ते मूल गप्प बसलं, तर आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. घरची भाषा जरूर मोजावी. पण शाळेत, दवाखान्यात, कचेरीत माणूस कुठे अडतो, तेही विचारावं. मदत नेमकी तिथेच पोहोचायला हवी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)