अपडेट बसले का? एकदा उघडून बघा

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांची चर्चा करतो. या अंकात विषय जरा वेगळा आहे, कॉम्प्युटरचा. "साहेब, ते आमचं काम नव्हे," असे काही जण म्हणतील. पण आपली ऊस नोंद, वजनाची पावती, बँकेत जमा होणारे बिल, सोसायटीचे कर्जखाते हे सारे आज कॉम्प्युटरमध्येच असते. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना केंद्र सरकारने २०२२ साली मंजूर केली, त्यामुळे गावची विकास सोसायटीही त्यात आलीच. तेव्हा हे आपलेच काम आहे.

२०१७ च्या जूनअखेरची गोष्ट सांगतो. माझे दाजी पनवेलजवळ कळंबोलीला राहतात. कंटेनरच्या ट्रेलरवर चालक आहेत. कळंबोली म्हणजे लोखंड बाजाराचे ठिकाण. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग तिथूनच सुरू होतो आणि न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या गाड्यांची तिथे सदा वर्दळ. बहिणीची खुशाली विचारायला फोन केला, तर दाजींनीच उचलला.

"दाजी, आज घरी कसे?"

"गाडी भरून उभी आहे. बंदरातले कॉम्प्युटर बंद पडलेत म्हणतात. माल आत घेईनात."

मला पटेना. क्रेन जाग्यावर, माणसे जाग्यावर, समुद्र जाग्यावर, मग काम का थांबावे? पण खरे तसेच होते. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम युक्रेनमधून जगभर पसरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर त्यात सापडले. जवाहरलाल नेहरू बंदरातील गेटवे टर्मिनल्स इंडिया हा धक्का त्याच समूहाकडे असल्याने तिथले कामही ठप्प झाले. कोणाचा कंटेनर कुठल्या थप्पीत आहे हे यंत्रालाच ठाऊक. यंत्र गेले आणि माणसे हातावर हात ठेवून बसली. गव्हाणीपुढे तोडलेला ऊस उभा राहिला की वजन कसे घटते, ते आपल्याला सांगायला नको. तसेच तिथे झाले. मर्स्कला पुढील दहा दिवसांत ४५,००० कॉम्प्युटर आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले, असे त्यांच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेले.

हळहळ वाटते ती पुढेच. विंडोजमधील ज्या भगदाडातून हा रोग शिरत होता, ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते, म्हणजे १०५ दिवस आधी. मधल्या काळात, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय'ने त्याच भगदाडातून धुमाकूळ घालून इशाराही दिला होता. तरी कितीतरी यंत्रांवर ते बसलेले नव्हते. आणि एका यंत्रात शिरला की हा रोग तिथले पासवर्ड चोरून शेजारच्या दुरुस्त यंत्रांतही घुसत असे. एका बेटाला काणी आली आणि ते उपटले नाही, तर शेजाऱ्याच्या फडाचे काय होते ते आठवा.

आता माझीच चूक सांगतो. आमच्या गट कार्यालयातील कॉम्प्युटरवर रोज संध्याकाळी 'यंत्र पुन्हा सुरू करा' अशी सूचना यायची. लिपिक मुलगा विचारायचा, "साहेब, करू का?" मी म्हणायचो, "आता नको, नोंदी चालू आहेत." हंगाम संपल्यावर उघडून पाहिले, तर अपडेट उतरून पडलेले, पण कित्येक महिने बसलेलेच नाही! औषध आणून कोठीत ठेवावे आणि बेणेप्रक्रिया झाली असे लिहावे, तसला प्रकार. शिवारफेरीत मी सभासदांना विचारतो, "बेणेप्रक्रिया केली का?" सगळे म्हणतात, "केली." मग मी बादली दाखवा म्हणतो. माझ्या टेबलावरची बादली मात्र मी पाहिली नव्हती.

बघायची रीत सोपी आहे.

१. 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'विंडोज अपडेट' उघडा. विंडोज १० वर ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली सापडेल.

२. तिथे 'अपडेट हिस्टरी' दाबा. प्रत्येक अपडेटचा 'केबी'ने सुरू होणारा क्रमांक आणि तारीख दिसते. 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' असेल तर बसले. 'फेल्ड' असेल तर बसले नाही. 'रीस्टार्ट' मागत असेल तर काम अर्धवट आहे.

३. मायक्रोसॉफ्टची नियमित अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतात. शेवटची तारीख दोन-तीन महिन्यांपूर्वीची असेल, तर काहीतरी अडले आहे असे समजा.

४. विंडोजची खूण असलेले बटण व 'आर' एकत्र दाबून इंग्रजीत 'विनव्हर' टाइप करा (डब्ल्यू, आय, एन, व्ही, ई, आर). यंत्रावर कोणती आवृत्ती आहे ते कळते. विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत, हे ध्यानात असू द्या.

दोन गोष्टी आणखी. बेणे जसे खात्रीच्या मळ्यातूनच घ्यावे, तसे अपडेट यंत्राच्या स्वतःच्या सेटिंग्जमधूनच घ्यावे. कोणी पाठवलेल्या लिंकवरून नव्हे. युक्रेनमध्ये तो रोग एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच आत आला होता. म्हणून दुसरी गोष्ट: नोंदींची एक प्रत यंत्रापासून वेगळी काढून ठेवा, आणि ती उघडते का तेही मधून मधून पाहा.

आमच्या कार्यालयात आता महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारनंतरच्या शनिवारी, लिपिक हिस्टरी उघडतो, तारीख वहीत लिहितो आणि मी सही करतो. पाच मिनिटांचे काम आहे. सोसायटीत, दूध संस्थेत गेलात तर सचिवांना तेवढे विचारा, "भाऊ, अपडेट बसलंय का?" बसलंय म्हणाले, तर दाखवा म्हणा. आणि माझ्या कार्यालयात आलात तर वही मागून घ्या. त्यात मला कमीपणा वाटणार नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी