भिंतीची ओल नेमकी कुठली?

पावसाळा सरत आला की अंबरनाथच्या आनंदनगरात घरोघरी भिंतींचे पोपडे सुटू लागतात. पण प्रत्येक ओल सारखी नसते. जमिनीतले पाणी विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढते. ही ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत दिसते आणि मागे पांढरा लोणा ठेवते. छताजवळचा, पावसागणिक पसरणारा डाग गळतीचा. कोपऱ्यात, कपाटामागे काळी बुरशी धरली असेल, तर बहुधा हवेतले बाष्प गार भिंतीवर साचते आहे.

शंका असेल तर भिंतीवर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. खोलीकडच्या बाजूला थेंब दिसले तर बाष्प, भिंतीकडच्या बाजूला दिसले तर ओल भिंतीतलीच.

स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सळया गंजवते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट फोडतो. मे 2021 मध्ये शेजारच्या उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. म्हणून स्लॅबवर तांबूस डाग किंवा भेगा दिसल्या, तर रंगाऱ्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.